वऱ्हाडचा युवराज

फुकाचा तोरा मिरवण्याला इंग्रजीत 'पुटिंग ऑन एअर्स' म्हणतात. आपली म्हण जास्त झणझणीत आहे: घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा! पण आमच्या अमरावती-अकोल्याच्या इतिहासातल्या बाजीरावाच्या घरी दाणा भरपूर होता. नव्हतं ते फक्त वऱ्हाड.

त्याचं असं झालं. हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा (काय सोय आहे!). तो थकला म्हणून १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. पुढे १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या जमिनीचं सोनं झालं. असा प्रांत कोण परत देणार? १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमचा भाडेपट्ट्याने घेतला. सातव्या निजामाने, मीर उस्मान अलीने, १९२३ साली वऱ्हाड परत मागितलं. १९२६ साली व्हाइसरॉय रीडिंगने चक्क नाही म्हणून कळवलं.

मग १९३५ चा कायदा आला. संस्थानांना संघराज्यात ओढायचं, तर निजामाला खूश ठेवणं भाग होतं. म्हणून १९३६ चा करार झाला. निजाम 'हैदराबाद आणि बेरारचा निजाम' झाला, थोरला मुलगा आझम जाह 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला. आणि वऱ्हाडचा कारभार? तो नागपूरच्या गव्हर्नरकडेच! आमच्याकडच्या भाषेत, 'नुसता भपकाच हाये बाप्पा.'

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर लॉगिन पेजवर नाव निजामाचं, अ‍ॅडमिन पासवर्ड इंग्रजांकडे.

पण निजामाला नुसतं हसून चालणार नाही. त्या पदवीमुळे त्याचा हक्क कागदावर तरी जिवंत राहिला. इंग्रज जाताना तो पुन्हा पुढे आलाच; तो मान्य झाला असता, तर अकोला-अमरावतीचं काय झालं असतं, विचार करा. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर तो प्रश्नच संपला.

या सगळ्यात मला खटकतं ते वेगळंच. ते २५ लाख यायचे वऱ्हाडच्याच महसुलातून, म्हणजे शेवटी कापूस पिकवणाऱ्याच्या घामातून. भाडेपट्टा झाला, पदव्या वाटल्या गेल्या, पण त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्याच्या तोऱ्याचं बिल नेहमी असं तिसराच भरतो.

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.