छोटा संगणक एसएसडी का ओळखत नाही?

रास्पबेरी पाय हा क्रेडिट कार्डाच्या आकाराचा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला, तेव्हा ब्रिटनमधील एबेन अप्टन आणि केंब्रिजमधील त्यांच्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शाळकरी मुले होती. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे आणि यंत्र बिघडलेच तर पालकांच्या खिशाला फार चाट बसू नये, असा त्यामागील हेतू होता. साहजिकच त्यात हार्ड डिस्क नव्हती. ऑपरेटिंग सिस्टिमसकट सारा संसार एका एसडी कार्डावर मांडलेला असे. पुढे याच बोर्डावर लोकांनी घरगुती सर्व्हर, कौटुंबिक छायाचित्रांचे भांडार, सुरक्षा कॅमेऱ्यांचे चित्रण असा बराच भार टाकला आणि कार्डाच्या मर्यादा उघड्या पडल्या. सततच्या लिहिण्या-पुसण्याने कार्ड झिजते, लिहिणे चालू असताना वीज गेली तर त्यावरील फाइल सिस्टिम बिघडते आणि वेगही बेताचाच मिळतो. त्यामुळे कार्डाऐवजी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, अर्थात एसएसडी, जोडण्याची प्रथा रूढ झाली.

ही जोडणी वरकरणी सोपी दिसते. प्रत्यक्षात मात्र नवी कोरी एसएसडी लावावी आणि संगणकाने तिची दखलच घेऊ नये, असा अनुभव अनेकांना येतो. कधी डिस्क दिसते, पण मोठी फाइल उतरवताना अदृश्य होते. कधी सारे सुरळीत असूनही संगणक तिच्यावरून सुरू होत नाही. अशा वेळी ‘या दोघांचे जमत नाही’ असा निष्कर्ष काढून दुसरी डिस्क विकत आणली जाते. त्याहून वाईट म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली हातची डिस्क फॉरमॅट केली जाते आणि तिच्यावरील छायाचित्रे कायमची जातात. वास्तविक तीच डिस्क लॅपटॉपला लावल्यावर व्यवस्थित उघडत असेल, तर दोष बहुधा डिस्कमध्ये नसतो. तो डिस्क आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेवर असतो. म्हणून पहिला नियम असा, की डिस्कवरील मजकुराची प्रत अन्यत्र काढून ठेवावी आणि कारण सापडेपर्यंत फॉरमॅटच्या वाटेला जाऊ नये.

(पुढे आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती लहान रोमन अक्षरांत लिहावी लागतात.)

आधी वीज पाहावी

तक्रारींच्या मुळाशी सर्वाधिक वेळा अपुरा वीजपुरवठा असतो, आणि सर्वांत शेवटी तपासली जाते तीही तीच गोष्ट. २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ वर यूएसबीची चार तोंडे आहेत; पण त्या चारही तोंडांतून मिळून १.२ अँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. ५ व्होल्टच्या हिशेबाने ही ६ वॅट वीज झाली. एसएसडीच्या लेबलावर बऱ्याचदा ५ व्होल्ट, १ ते १.५ अँपिअर असे आकडे छापलेले असतात. डिस्क नेहमीच एवढी वीज ओढत नाही. पण सुरू होताना आणि सलग लिहिताना तिची भूक वाढते, आणि त्यात कीबोर्ड, माउस व त्यांच्यासोबत एखादा कॅमेरा असेल तर हिशेब कोलमडतो. डिस्क क्षणभर उपाशी राहिली की ती नव्याने सुरू होते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने मात्र ती मध्येच कोणीतरी उपटून काढलेली असते. चालू लिखाण अर्धवट राहते ते याच क्षणी.

रास्पबेरी पाय ५ (२०२३) मध्ये ही मर्यादा १.६ अँपिअरपर्यंत वाढवली आहे. तथापि त्यासाठी ५ अँपिअर देणारा वीजपुरवठा लागतो. ३ अँपिअरचा चार्जर जोडल्यास हा बोर्ड यूएसबीला अवघे ६०० मिलीअँपिअर देतो. येथे एक गैरसमज हटकून आढळतो. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर घरात असताना निराळा वीजपुरवठा कशाला घ्यायचा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु असे चार्जर आपली सारी ताकद ९, १५ किंवा २० व्होल्टवर दाखवतात. ५ व्होल्टला त्यांची धाव सहसा ३ अँपिअरवर थांबते. त्यामुळे ६५ वॅटचा चार्जरही या बोर्डापुढे तोकडा पडतो. वीजपुरवठा ५ अँपिअर देऊ शकतो, हे बोर्डाला समजले नाही तर तो यूएसबी डिस्कवरून आपणहून सुरू होण्यासही नकार देतो. पुरवठा खरोखर सक्षम असून केवळ ही ओळखपाळख होत नसेल, तर कॉन्फिग या फाइलमधील ‘यूएसबी मॅक्स करंट एनेबल’ ही नोंद १ करता येते. पुरवठाच दुबळा असेल, तर या नोंदीने दुखणे झाकले जाईल, एवढेच.

तपासणीचे साधन बोर्डातच आहे. व्होल्टेज ४.६३ च्या खाली उतरले की पडद्यावर विजेचे चिन्ह चमकते. पडदा जोडलेला नसेल, तर ‘व्हीसीजेनसीएमडी’ या आज्ञेपुढे ‘गेट थ्रॉटल्ड’ (हे दोन शब्द अंडरस्कोरने जोडून) लिहावे. उत्तर शून्य आले तर संगणक सुरू झाल्यापासून विजेची तक्रार नाही. दुसरे काही आले तर वीज किंवा उष्णता यांपैकी एकाची तक्रार नोंदलेली आहे. मोठी फाइल उतरवून झाल्यावर हीच आज्ञा पुन्हा दिली म्हणजे खरे चित्र कळते. उपाय म्हणून स्वतंत्र विजेवर चालणारा यूएसबी हब वापरता येतो. मात्र काही हब उलट दिशेने बोर्डाकडे वीज सोडतात आणि मग बोर्ड नीट बंद किंवा सुरू होत नाही. तसे झाल्यास हब बदलावा.

केबलमधला दुभाष्या

विजेची बाजू निर्वेध निघाली, की संशयाची सुई केबलकडे वळवावी. साटा पद्धतीची एसएसडी यूएसबीची भाषा जाणत नाही. दोघांमधील दुभाष्याचे काम अडॅप्टरच्या प्लॅस्टिकच्या टोपणात दडलेली चिप करते. हे अडॅप्टर बाहेरून सारखेच दिसतात. पण आतील चिप जेमायक्रॉनची, एएसमीडियाची किंवा आणखी कोणाची असू शकते, आणि खोक्यावर तिचा उल्लेख क्वचितच असतो.

यूएसबी डिस्कशी बोलण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत एक आज्ञा पूर्ण झाल्याशिवाय दुसरी दिली जात नाही. यूएएस या नव्या रीतीत अनेक आज्ञा एकदम रांगेत लावता येतात आणि वेग वाढतो. अडचण अशी, की काही चिपा यूएएस येत असल्याचा दावा करतात आणि प्रत्यक्ष भार पडल्यावर अडखळतात. संगणक मध्येच अर्धा-एक मिनिट गोठणे, ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत यूएएसच्या नावाने चुका व ‘रिसेट’ यांची रांग लागणे, ही त्याची लक्षणे. विंडोजच्या लॅपटॉपवर तोच अडॅप्टर कुरकुर करीत नसला, तरी लिनक्सवर आणि विशेषतः या छोट्या बोर्डावर त्याचे बिंग फुटू शकते.

‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिल्यास जोडलेल्या प्रत्येक उपकरणापुढे दोन क्रमांक दिसतात. पहिला क्रमांक कंपनीचा असतो. १५२डी म्हणजे जेमायक्रॉन, १७४सी म्हणजे एएसमीडिया. हे दोन्ही क्रमांक टिपून घ्यावेत आणि बूट विभागातील ‘सीएमडीलाइन’ या फाइलच्या आरंभी ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स’ अशी नोंद करून, बरोबरच्या चिन्हापुढे ते दोन क्रमांक व अखेरीस यू हे अक्षर, असे तिन्ही अपूर्णविरामाने जोडून लिहावे. त्यानंतर त्या अडॅप्टरपुरते यूएएस बंद होते आणि जुनी रीत वापरली जाते. या फाइलमधील सारा मजकूर एकाच ओळीत राहिला पाहिजे. अनवधानाने एंटर दाबला गेला तर संगणक सुरूच होणार नाही. असे केल्याने वेग थोडा घटतो. पण डिस्कवर जपण्याजोगे काही असेल, तर हा सौदा महाग म्हणता येणार नाही. वेगाशी तडजोड नको असेल, तर यूएएस नीट सांभाळणाऱ्या चिपचा अडॅप्टर घ्यावा. अडॅप्टर बदलणे डिस्क बदलण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

डिस्क दिसते, पण संगणक सुरू होत नाही

पाय ४ बाजारात आला तेव्हा यूएसबीवरून सुरू होण्याची सोय त्यात नव्हतीच. २०२० मध्ये बूटलोडरच्या नव्या आवृत्तीबरोबर ती आली. त्यामुळे जुना, कपाटात पडून राहिलेला बोर्ड असेल तर आधी एसडी कार्डावरून सुरू करून ‘आरपीआय-ईईप्रॉम-अपडेट’ या आज्ञेने बूटलोडर अद्ययावत करावा. कोणत्या साधनावरून आधी सुरू व्हायचे, हे ‘बूट ऑर्डर’ या संख्येवर ठरते, आणि ही संख्या उजवीकडून डावीकडे वाचली जाते. १ म्हणजे एसडी कार्ड, ४ म्हणजे यूएसबी, ६ म्हणजे एनव्हीएमई, तर एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे एफ४१ असे लिहिलेले असेल तर आधी कार्ड पाहिले जाते आणि मग यूएसबी.

याच टप्प्यावर एक फसवणूक संभवते. कार्डाची हुबेहूब प्रत एसएसडीवर काढली, की दोन्हींवरील विभागांचे ओळखक्रमांक एकच होतात. कार्ड तसेच खाचेत ठेवून संगणक सुरू केला, तर तो नेमक्या कोणत्या प्रतीवर चालला आहे याची शाश्वती राहत नाही. वापरणाऱ्याला वाटते एसएसडी कामाला लागली. प्रत्यक्षात महिनोन्‌महिने लिखाण जुन्या कार्डावरच होत असते. प्रत काढणाऱ्या ‘एसडी कार्ड कॉपिअर’मध्ये नवे ओळखक्रमांक देण्याचा पर्याय आहे, तो निवडावा, आणि ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने मूळ विभाग कोठे जोडला गेला आहे ते एकदा पाहून घ्यावे.

पाय ५ वर पीसीआय एक्स्प्रेसची एक मार्गिका उपलब्ध असल्याने एनव्हीएमई डिस्क अडॅप्टर बोर्डाच्या साह्याने थेट जोडता येते. येथील घोटाळे निराळे. एम.२ आकाराची प्रत्येक डिस्क एनव्हीएमई नसते. साटा पद्धतीच्या डिस्कही त्याच आकारात मिळतात, खाचेत बसतातही, पण येथे चालत नाहीत. खरेदीपूर्वी ‘एनव्हीएमई’ हा शब्द पाहून घ्यावा. लांबीही पाहावी, कारण रास्पबेरी पायचा स्वतःचा एम.२ हॅट प्लस हा २०२४ मधील अडॅप्टर ३० आणि ४२ मिलिमीटर लांबीच्या डिस्कसाठी आहे, तर लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणारी डिस्क ८० मिलिमीटरची असते. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेत डिस्कचे नाव नसेल, तर पहिला संशय चपट्या रिबन केबलवर घ्यावा. ती किंचित तिरकी बसली तरी संपर्क तुटतो. अन्य कंपन्यांच्या काही अडॅप्टरांसाठी बूटलोडरमध्ये ‘पीसीआयई प्रोब’ ही नोंद १ करावी लागते. ही मार्गिका दुसऱ्या पिढीच्या वेगासाठी प्रमाणित आहे. तिला तिसऱ्या पिढीच्या वेगाने पळवता येते. पण डिस्क अधूनमधून गायब होऊ लागली, तर तो हट्ट आधी सोडावा.

राहता राहिला वेग. पाय ४ वर डिस्क निळ्या रंगाच्या यूएसबी ३ तोंडातच लावावी. ‘एलएसयूएसबी’पुढे ‘-टी’ जोडून आज्ञा दिल्यास ५०००एम दिसले पाहिजे. ४८०एम दिसले तर जोडणी यूएसबी २ च्या वेगाने झाली आहे. प्लग सावकाश आत सरकवल्यानेही असे घडू शकते, तेव्हा तो काढून एका झटक्यात पुन्हा लावून पाहावा. डिस्क जोडताच वायफाय मंदावले किंवा बिनतारी माउस अडखळू लागला, तर त्याचेही कारण इथेच असते. यूएसबी ३ च्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट मिसळतो. डिस्क फूटभर दूर सरकवून, चांगल्या आवरणाची केबल वापरून आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेऊन ही कटकट मिटवता येते.