जहाजं वाढली, खलाशी तेवढेच

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९७७ साली फ्रान्सिस स्कॉट की पूल वाहतुकीसाठी खुला झाला. तीनच वर्षांनी, १९८० मध्ये, 'ब्लू नागोया' नावाचं मालवाहू जहाज ताबा सुटून या पुलाच्या खांबावर आदळलं. जहाजाची लांबी जेमतेम १२० मीटर. खांबाभोवतीचं संरक्षण मोडलं, पण पूल शाबूत राहिला.

२६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर त्याच पुलाच्या खांबाला 'डाली' हे जहाज धडकलं. लांबी ३०० मीटर, आकारमान 'ब्लू नागोया'च्या जवळजवळ दहा पट. काही सेकंदांत पूल नदीत कोसळला. जहाजावरून वेळेवर इशारा गेल्यामुळे पोलिसांनी दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली होती, पण पुलावरचे खड्डे बुजवणारे सहा मजूर गेले. सगळे लॅटिन अमेरिकेतून पोटासाठी आलेले. जहाजावरचे जवळपास सगळे खलाशी भारतीय होते. अपघातानंतर जवळजवळ दोन महिने ते त्याच जहाजावर अडकून पडले. तपासात कारण निघालं ते असं की, एका तारेवर लेबल अशा तऱ्हेने बसवलं होतं की तार जोडणीत नीट बसलीच नव्हती. ती निसटली आणि जहाजाची वीज गेली.

सैल तार लहान जहाजातही असू शकते. पूल तोच होता. चव्वेचाळीस वर्षांत बदललं होतं ते जहाजांचं आकारमान.

जहाज मोठं का करतात, याचं गणित सोपं आहे. लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही दुप्पट केली, तर जहाजाचा पृष्ठभाग चौपट होतो, पण आतली जागा आठपट होते. म्हणजे दर टन मालामागे पोलाद कमी, इंधन कमी आणि माणसंही कमी. बचत मालकाच्या हिशेबात जमा होते. धोका कोणाच्या हिशेबात जातो, हे इतिहासात पाहावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये जहाजं क्षमतेपेक्षा जास्त भरून पाठवायची पद्धत होती. जहाज बुडालं तर मालकाला विमा मिळे. खलाशाच्या बायकोला काहीच मिळत नसे. अशा जहाजांना लोक 'शवपेट्या' म्हणत. सॅम्युअल प्लिमसोल या खासदाराने याविरुद्ध मोहीम चालवली आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भरणरेषा काढणं सक्तीचं झालं. मात्र त्यात एक मेख होती. रेषा कुठे काढायची, हे मालकानेच ठरवायचं होतं! ही पळवाट बंद व्हायला १८९० साल उजाडलं.

हा क्रम पुढे पुन्हा पुन्हा दिसतो. 'टोरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज आधी सुमारे साठ हजार टनांचं होतं. ते मधोमध कापून, लांबी वाढवून, दुप्पट क्षमतेचं करण्यात आलं. मार्च १९६७ मध्ये ते इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर चढलं आणि एक लाख टनांहून अधिक तेल समुद्रात गेलं. त्याचं काय करायचं, कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी ब्रिटिश विमानांनी त्या जहाजावर बॉम्ब टाकले. सागरी प्रदूषणाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला तो त्यानंतर, १९७३ साली.

सप्टेंबर १९८० मध्ये 'डर्बीशायर' हे दीड लाख टनांहून अधिक लोहखनिज घेऊन जपानकडे निघालेलं जहाज वादळात ४४ माणसांसह नाहीसं झालं. मदतीची हाकही आली नाही. समुद्रात बुडालेलं हे सर्वांत मोठं ब्रिटिश जहाज. इतकं मोठं जहाज असं बुडतंच कसं, हा प्रश्न मृतांच्या नातेवाइकांनी लावून धरला. १९९४ साली समुद्रतळाशी अवशेष सापडले आणि २००० साली फेरचौकशीत जहाजाच्या बांधणीतल्या उणिवा पुढे आल्या. घरच्या माणसांनी वीस वर्षं पाठपुरावा केला नसता, तर दोष वादळाला देऊन सगळे मोकळे झाले असते.

कंटेनरचं युग सुरू झालं २६ एप्रिल १९५६ रोजी. त्या दिवशी 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यू जर्सीतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. आज सर्वांत मोठ्या जहाजांवर वीस फुटी मापाचे चोवीस हजारांहून अधिक कंटेनर मावतात. लांबी चारशे मीटर.

अशा जहाजात धोका वेगळ्या वाटेने येतो. कंटेनर बंद असतो. आत काय आहे आणि त्याचं वजन किती, हे पाठवणारा सांगेल ते. २००७ च्या जानेवारीत 'एमएससी नापोली' या जहाजाला इंग्लिश खाडीत तडा गेला. ते किनाऱ्याला लावल्यावर डेकवरच्या साडेसहाशेहून अधिक कंटेनरची वजनं करून पाहिली गेली. पाचातल्या एका कंटेनरचं वजन कागदावरच्या आकड्यापेक्षा तीन टनांहून जास्त फरकाचं निघालं. एवढं कळूनही, कंटेनर चढवण्याआधी त्याचं वजन तपासलेलं असलंच पाहिजे हा जागतिक नियम लागू व्हायला १ जुलै २०१६ उजाडलं. मधल्या काळात, जून २०१३ मध्ये, 'एमओएल कम्फर्ट' हे सिंगापूरहून जेद्दाहला निघालेलं, अवघं पाच वर्षांचं जहाज अरबी समुद्रात मधोमध तुटलं. २६ खलाशी वाचले, हा अल्लाहचा करम. जहाजाचे दोन्ही तुकडे बुडाले.

मापात पाप करणाऱ्यांवर कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. आपण ती बाजारातल्या तराजूपुरती वाचतो. सूरह रहमानमध्येही आधी तराजूचा उल्लेख येतो आणि काही आयतींनंतर समुद्रातल्या उंच जहाजांचा. या दोन गोष्टी मला आता एकमेकींपासून फार लांबच्या वाटत नाहीत. खोटं वजन लिहिणारा माणूस जमिनीवर सुरक्षित असतो. त्या वजनाखाली समुद्रात दुसराच कोणी झोपलेला असतो.

आणि तो 'दुसरा' बऱ्याचदा आपल्या घरातला असतो. खलाशी हा शब्द अरबीतून आला, नाखवा फारसीतून. इंग्रजांच्या काळापासून रत्नागिरीकडच्या मुस्लिम कुटुंबांतली मुलं बोटीवर जात आली आहेत. आजही कोकणातल्या कितीतरी मोहल्ल्यांत एखादा मुलगा 'शिपवर' असतो आणि घर त्याच्या पगारावर उभं असतं. म्हणून पुढचे आकडे नीट पाहावेत. मे २०२५ मध्ये केरळजवळ बुडालेल्या 'एमएससी एल्सा ३' वर ६४० कंटेनर होते आणि खलाशी २४. मार्च २०२१ मध्ये सुवेझ कालव्यात सहा दिवस आडव्या अडकलेल्या 'एव्हर गिव्हन' वर अठरा हजारांवर कंटेनर होते आणि खलाशी २५, सगळे भारतीय. माल जवळजवळ तीसपट आणि माणूस एक जास्त. आग लागली तर पाण्याचा पाइप हातात धरणारे हेच पंचवीस. मार्च २०१८ मध्ये अरबी समुद्रात 'मर्स्क होनाम' पेटलं, तेव्हा २७ पैकी पाच जण गेले.

आकार हेच एकमेव कारण आहे, असं मी म्हणणार नाही. 'एल्सा ३' लहान होतं आणि जुनंही. पण त्या ६४० कंटेनरमधल्या प्लास्टिकच्या दाण्यांनी केरळचे किनारे भरले आणि मच्छीमारांची रोजी बुडाली. चोवीस हजारांच्या जहाजाचं असं झालं तर काय, हा हिशेब त्यातूनच मांडता येतो. ९ जून २०२५ रोजी 'एमएससी इरिना' हे जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांपैकी एक केरळच्या विळिंजम बंदरात लागलं, कौतुकाच्या बातम्या झाल्या. त्याच दिवशी, त्याच राज्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात, न्हावा शेवाकडे निघालेल्या 'वान हाय ५०३' वर स्फोट होऊन आग लागली. २२ पैकी चार खलाशी बेपत्ता झाले.

आता पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर होऊ घातलं आहे. खर्च सुमारे ७६ हजार कोटी. चोवीस हजारी जहाजं तिथे लागावीत, ही कल्पना. तिथल्या मच्छीमारांच्या विरोधाला विकासविरोध म्हणून उडवून लावणं सोपं आहे. पण बंदर कोणाला हवं आणि कोणाला नको, यापलीकडचेही प्रश्न आहेत. चारशे मीटरचं जहाज पेटलं तर ते विझवणारी यंत्रणा किती अंतरावर असेल? बंद पडलेलं जहाज ओढून नेण्याइतक्या ताकदीच्या टग बोटी असतील का? तेल किंवा रसायन सांडलं तर कोळ्याला भरपाई किती दिवसांत मिळेल आणि ती कोण देईल?

प्लिमसोलच्या काळापासून नियम नेहमी मयतीनंतर आले. वाढवणच्या धक्क्याला अजून पहिलं जहाज लागायचं आहे. म्हणजे या वेळी हे प्रश्न आधी विचारायला वेळ आहे.