आभाळाची खानेसुमारी

कुर्ल्याला आभाळ आहे, याबद्दल मला शंका नाही. जून ते सप्टेंबर ते गळते, त्या अर्थी ते असलेच पाहिजे. परंतु रात्री त्यात तारे असतात या म्हणण्याला स्थानिक पुरावा फार थोडा. स्वदेशी मिल बंद पडली, प्रीमियरचा मोटारींचा कारखाना गेला, तरी तारे काही परतले नाहीत. त्यांची जागा दिव्यांनी घेतली होती, आणि मुंबईत एकदा गेलेली जागा परत मिळते थोडीच!

आणि तरीही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची पहिली रेडिओ दुर्बीण उभी राहिली ती आमच्याच लोकलच्या वाटेवर, कल्याणला! ऑस्ट्रेलियाने वापरून झालेल्या ३२ थाळ्या भारताला भेट दिल्या होत्या. प्रत्येक थाळी सहा फुटांची. त्या दिल्लीत पडून राहिल्या. १९६३ साली गोविंद स्वरूप अमेरिकेहून परतले, आणि १९६५ साली त्या थाळ्या कल्याणला सूर्याकडे तोंड करून बसल्या. शेजारणीची थाळी रिकामी परत करू नये, हा आपला रिवाज. स्वरूपांनी तो जरा जास्तच मनावर घेतला. पुढे नारायणगावजवळ खोडदला त्यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या मांडल्या. आता जगभरचे शास्त्रज्ञ तिथे वेळ मागायला येतात. रेडिओलहरींना ढगांची पर्वा नसते, म्हणजे हे काम पावसाळ्यातही चालते. कुर्ल्याच्या माणसाला याची किंमत कळते. २०१० ते २०१२ या काळात खोडदने जवळजवळ ९० टक्के आभाळ चाळून काढले आणि सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओस्रोतांची यादी जगापुढे ठेवली.

आता चिलीतल्या डोंगरावर व्हेरा रूबिन वेधशाळा आली आहे. आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा मोटारीएवढा. जून २०२५ मध्ये तिची पहिली चित्रे प्रसिद्ध झाली. पूर्वी ज्योतिषी (म्हणजे खगोलवाले, पत्रिकावाले नव्हेत) एखादा तारा हेरून त्याच्याकडे दुर्बीण वळवीत. ही बाई कुणा एकाकडे बघतच नाही. दर तीन-चार रात्रींनी दक्षिणेचे सगळे आभाळ टिपायचे आणि जुन्या चित्राशी ताडून पाहायचे, असे दहा वर्षे. आमच्या ८.१२ च्या डब्यात हेच चालते. साठ माणसांत एक जण आला नाही की दुसऱ्या दिवशी चौकशी होते, “काय हो, काल दिसला नाहीत?” फरक एवढाच, की रूबिनबाईंना अशा चौकश्या एका रात्रीत कोटीच्या घरात कराव्या लागतील. कुठे तारा फुटला, कुठे धोंडा सरकला, ही खबर दोन मिनिटांत जगाला मिळावी अशी व्यवस्था आहे. ती कुर्ल्याच्या खोलीतल्या पोरालाही फुकट बघता येते. खिडकीतून जे आभाळ त्याला कधी दिसले नाही, ते असे हातात येते, याचे मला फार अप्रूप वाटते.

पहिल्या दहाएक तासांच्या निरीक्षणातच २१०४ नवे लघुग्रह सापडले. मी हे मोठ्या उत्साहाने शेजारच्या काकूंना सांगितले. त्यांनी शांतपणे डाळ निवडता निवडता विचारले, “आणि आता एवढ्यांची शांत कोण करणार?”