लाल बावटा आणि दिल्लीची वाट

१९७७ साली महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेल्या ४८ खासदारांमध्ये शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) पाच होते. कुलाब्याचे (म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचे) दि. बा. पाटील, कोल्हापूरचे दाजीबा देसाई, नांदेडचे केशवराव धोंडगे, परभणीचे शेषराव देशमुख आणि लातूरचे उद्धवराव पाटील. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत पसरलेली ही पाच नावे पाहिली की या पक्षाची मुळे एकेकाळी किती दूरवर गेली होती ते कळते. १९९९ मध्ये कुलाब्यातून रामशेठ ठाकूर निवडून आले, आणि त्यानंतर शेकापचा एकही खासदार लोकसभेत पोचलेला नाही. असा खंगत गेलेला पक्ष देशपातळीवरच्या निवडणुकीत पुन्हा लढाईत उतरू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर हळहळीने मिळणार नाही आणि हेटाळणीनेही नाही. ते त्याच्या इतिहासातच आहे. तो इतिहास सांगतो की या पक्षाला दिल्लीची वाट केवळ विचारसरणीमुळे किंवा एखाद्या नेत्यामुळे कधीच मोकळी झाली नाही. ज्या प्रदेशात त्याचा स्वतःचा जिवंत लढा होता आणि त्या लढ्याला स्वतःपेक्षा मोठ्या आघाडीची किंवा सलग मतदारसंघाची साथ मिळाली, तिथेच तो जिंकला.

पक्षाचा जन्म काँग्रेसच्या पोटात झाला. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये आलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या नेत्यांना वाटत होते की स्वातंत्र्य जवळ येत असताना शेतकऱ्याचा आणि कामगाराचा प्रश्न मागे पडतो आहे. १९४७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पक्षाची मांडणी केली आणि १९४८ मध्ये ते काँग्रेसबाहेर पडले. १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडी गावी संमत झालेल्या प्रबंधाने पक्षाने मार्क्सवादाचा स्वीकार केला. पण त्या भूमिकेने सगळ्यांना एकत्र धरून ठेवले नाही. क्रांतिसिंह नाना पाटील आणि दत्ता देशमुख डाव्या बाजूने बाहेर पडले, जेधे आणि मोरे काही वर्षांत पुन्हा काँग्रेसकडे गेले. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत सोलापूर आणि परभणी अशा दोनच जागा पक्षाला मिळाल्या. म्हणजे जेधे-मोरे यांच्यासारखे नामवंत नेते अजून पक्षात असतानाही त्या वर्षी त्याचे बळ फारसे दिसले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पक्षाच्या घसरणीचे खापर नेहमी पक्षांतरांवर फोडले जाते.

खरी उसळी आली ती १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली. त्या निवडणुकीत शेकापने लोकसभेच्या चार आणि मुंबई राज्याच्या विधानसभेच्या ३१ जागा जिंकल्या. मराठी भाषकांच्या राज्याचा प्रश्न मराठी मनात पेटला होता, त्या प्रश्नावर प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, रिपब्लिकन विचाराचे लोक आणि शेकाप एका रांगेत उभे होते, आणि खेड्यापाड्यांत कार्यकर्त्यांची फळी शेकापकडे होती. पण १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि समितीला बांधून ठेवणारा धागाच संपला. यशवंतराव चव्हाणांनी बहुजन समाजातल्या कर्त्या माणसांना सत्तेत, सहकारी साखर कारखान्यांत, जिल्हा परिषदांत जागा करून दिली. कराडचे यशवंतराव मोहिते शेकापमधून काँग्रेसमध्ये गेले ते याच काळात. १९६२ मध्ये विधानसभेतल्या जागा १५ वर आल्या. १९७७ च्या पाच खासदारांचेही तसेच झाले. आणीबाणीविरोधी लाटेत जनता पक्षाशी झालेल्या जागावाटपाने ती दारे उघडली, आणि १९८० मध्ये लाट फिरली तशी ती मिटली. शेकापचा संसदेतला आलेख म्हणूनच दोन आघाड्यांच्या दोन शिखरांचा आहे.

या आलेखाला एक अपवाद आहे, आणि माझ्या मते साऱ्या चर्चेची किल्ली त्याच्याकडेच आहे. १९८४ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा घेतल्या. उरलेल्या पाचांत एक जागा शेकापची होती, कुलाब्यातून दि. बा. पाटलांची. लाट विरोधात होती, राज्यभर पसरलेली आघाडीची हवा नव्हती, तरी ते निवडून आले. त्याच वर्षीच्या जानेवारीत नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून जासई, दास्तान फाटा परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला होता आणि पाच जण हुतात्मा झाले होते. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. या लढ्यामागे आणखी जुनी परंपरा होती. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी परिसरातल्या पंचवीसेक गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, जमिनी पिकवायचे नाकारले आणि तो संप जवळपास सहा वर्षे चालवला. १९३७ मध्ये पाटलांनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र काढले, डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात आणले. कुळाचा प्रश्न, नंतर भूमिपुत्राचा प्रश्न, त्यासाठी गावोगावची संघटना आणि घरात येणारे वृत्तपत्र, एवढे सगळे एकाच पट्ट्यात पन्नास वर्षे टिकले. म्हणून कुलाब्याचा मतदार लाटेपुढे वाकला नाही.

यावर पहिला आक्षेप असा की माणसे गेली म्हणून पक्ष गेला. दि. बा. पाटील उत्तरायुष्यात शिवसेनेत गेले, रामशेठ ठाकूर काँग्रेसमध्ये गेले, आणि त्यांच्याबरोबर मतेही गेली, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे, पण पुरेसे नाही. सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, मंत्री झाले, निष्ठेचे उदाहरण म्हणून राज्यभर त्यांचे नाव घेतले गेले. त्यांनी पक्ष कधीच सोडला नाही. तरी सांगोल्याचे ते बळ लोकसभेच्या एकाही विजयात उतरले नाही, कारण शेजारच्या तालुक्यांत त्याला जोडून घेणारी संघटना नव्हती. एकनिष्ठ नेता आमदारकी राखू शकतो, पण खासदारकीसाठी सहा विधानसभा मतदारसंघ लागतात. दुसरा आक्षेप आपल्या निवडणूक पद्धतीवर आहे. ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, या पद्धतीत लहान पक्ष चिरडला जातो, असा तो आक्षेप. पण हीच पद्धत एका पट्ट्यात दाट मते असलेल्या पक्षाला उचलून धरते, नाहीतर कुलाबा शेकापला पुन्हा पुन्हा मिळाला नसता. घात झाला तो त्या दाटपणाचा. २००८ च्या पुनर्रचनेत जुना कुलाबा मतदारसंघ उरला नाही. अलिबाग आणि पेण हे रायगड मतदारसंघात गेले आणि त्यांच्याबरोबर दापोली, गुहागर आले. पनवेल, उरण, कर्जत हे मावळमध्ये गेले आणि त्यांच्याबरोबर पिंपरी आणि चिंचवड आले. शेकापचा एकसंध पट्टा दोन तुकड्यांत विभागला गेला, आणि दोन्हीकडे तो अल्पमतात आला. शिवाय पनवेल राज्यातल्या सर्वांत मोठ्या विधानसभा मतदारसंघांपैकी एक झाला, आणि तिथे नव्याने आलेल्या शहरी कुटुंबांना जमिनीच्या लढ्याची आठवण असण्याचे कारण नव्हते.

याचा परिणाम २०१४ मध्ये स्पष्ट दिसला. रायगडात शिवसेनेचे अनंत गीते आणि राष्ट्रवादीचे सुनील तटकरे यांच्यातला फरक अवघ्या २,११० मतांचा होता, आणि स्वतंत्र लढलेल्या शेकापच्या उमेदवाराला सव्वा लाखाच्या वर मते होती. एवढी मते कुणाला पाडू शकतात, पण स्वतःला निवडून आणू शकत नाहीत. पुढे पक्षाने २०१९ मध्ये तटकरेंना आणि २०२४ मध्ये त्यांच्याविरुद्ध गीतेंना पाठिंबा दिला. दोन्ही वेळा उमेदवार दुसऱ्या पक्षाचा होता. विधानसभेत १९९० च्या आठ जागांवरून पक्ष २०१४ मध्ये तीनवर आणि २०१९ व २०२४ मध्ये एकेकावर आला, आणि शेवटच्या दोन निवडणुकांत रायगड जिल्ह्यातून त्याचा एकही आमदार निवडून आला नाही. आघाडीने पक्ष वाचतो हे १९५७ ने शिकवले. पण समितीत शेकाप स्वतःचा प्रश्न आणि स्वतःचे उमेदवार घेऊन गेला होता. आज तो दुसऱ्याच्या उमेदवारामागे उभा राहतो, आणि पाच वर्षांनी त्याचाच कार्यकर्ता त्या दुसऱ्या पक्षात दिसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. शेतकरी-कामगारांचे राजकारण आता कालबाह्य झाले, असे तो सांगतो. मला हे अजिबात पटत नाही. ज्या पट्ट्यात बंदर, विमानतळ, सागरी सेतू आणि महामार्ग एकापाठोपाठ येत आहेत, तिथे जमीन कुणाची आणि मोबदला किती हा प्रश्न संपलेला नाही, उलट वाढला आहे. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे यासाठी सगळ्याच पक्षांचे लोक रस्त्यावर आले आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठराव केला. लढ्याची स्मृती आजही मते हलवते, एवढे यावरून सिद्ध होते. फक्त ती स्मृती आता एकट्या शेकापची राहिलेली नाही, कारण नव्या विस्थापिताच्या, कंत्राटी कामगाराच्या आणि पनवेलच्या भाडेकरूच्या प्रश्नावर त्याने त्या तोलाचा लढा उभारलेला नाही.

तेव्हा उत्तर स्पष्ट आहे. शेकाप एकट्याच्या बळावर लोकसभेची जागा जिंकू शकत नाही, आणि केवळ पाठिंब्याची पत्रके काढून तर कधीच जिंकणार नाही. रायगड किंवा मावळ यांपैकी एका मतदारसंघात सहाही विधानसभा क्षेत्रांना भिडणारा एक प्रश्न हाती घेऊन दहा वर्षे सतत काम केले, आणि त्या बळावर आघाडीत स्वतःच्या उमेदवारासाठी जागा मागितली, तर वाट अजून बंद झालेली नाही. चरीच्या कुळांनी सहा वर्षे उपास काढले ते जमिनीसाठी, उमेदवारीसाठी नव्हे. पक्षाने आधी तो लढा पुन्हा उभारावा, उमेदवारीचा विचार त्यानंतर करावा.