वेतनाचा दशमांश

किमान वेतनाचा भार लहान व्यापाऱ्यास कितपत झेपेल, हा प्रश्न नवा नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्राप्रमाणें, वेतन न ठरवितां कामास ठेवलेल्या शेतकामकऱ्यास पिकाचा, गुराख्यास तुपाचा व वैदेहकास मालाचा दशमांश मिळावा. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणें तो राजानें देववावा. या नियमानें पीक बुडाल्यास धन्याचें देणें आपोआप घटे. मात्र तोट्याचा वांटा चाकरासही येई. इ. स. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानें अनुसूचित धंद्यांत मजुरीचा नीचतम दर विक्रीशीं न जोडतां बांधून दिला. मंदीचा धोका धन्याकडे गेला. तेव्हां खरा वाद दराचा नसून तोटा कोणीं सोसावा याचा आहे, असें आम्हांस वाटतें. ज्यांच्या संग्रहीं जुन्या पेढ्यांच्या कीर्दी-खतावण्या असतील, त्यांनीं चाकरांस अंश मिळे कीं रोजमुरा, हें अवश्य तपासावें.