अस्थीचें शुद्धीकरण

दुसऱ्याचें हाड रुग्णाच्या देहांत बसवावयाचें, तर तें आधीं निर्जंतुक हवें, हें आपण सर्व जाणतों. परंतु हाडांत नवें हाड जागविण्याची शक्ति असते, हें अमेरिकन शल्यविशारद युरिस्ट यांनीं १९६५ सालीं दाखविलें. आणि तीव्र वाफेनें जंतूंबरोबर तीही नष्ट होते. मानखुर्दलगत ट्रॉम्बे येथें १९७४ सालीं ‘आयसोमेड’ केंद्र सुरू झालें. तेथें कोबाल्टचे गॅमा किरण उष्णतेवांचून जंतु मारतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९८८ सालीं निघालेल्या ऊतिपेढीनें हाच मार्ग पत्करला. तथापि रूढ २५ किलोग्रेंहून मात्रा फार वाढली, तर कोलॅजनचे तंतु तुटून हाड ठिसूळ होतें. जंतु मारावे, पण हाडाचें हाडपण राखावें. शुद्धीची खरी कसोटी हीच, असें आम्हांस वाटतें.