पासआउट झालो, म्हणजे नेमकं काय झालो?

हेडफोन लावलेत ना? आज एका इंग्रजी क्रियापदाची गोष्ट. सुरुवात माझ्याच फजितीपासून.

मी शिरूर तालुक्यातला, न्हावऱ्याकडचा. शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे कॉलेजला असताना भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यातल्या केडगाव स्टेशनला यायचं आणि पुण्याची गाडी पकडायची. खिशात महिन्याचा पास. पुढे नोकरीसाठी व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. मी ऐटीत म्हणालो, ‘आय पास्ड आउट इन 2019.’ समोरचा परदेशी साहेब हसला, ‘मग डॉक्टरांना दाखवलं का?’ त्याच्या लेखी मी बेशुद्ध पडलो होतो! त्या दिवशी वाटलं, आपलं इंग्रजी म्हणजे गावठीच.

पण मग मी या शब्दाच्या मागेच लागलो. ‘पास’चं मूळ लॅटिनमधल्या ‘पासुस’ या शब्दात आहे. अर्थ साधा, पाऊल. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि त्या एका पावलातून सगळा पसारा झाला. प्रवास करतो तो पॅसेंजर. डोंगरातली वाट, म्हणजे आपली खिंड, तीही पास. विधेयक पास होतं, चेंडू पास करतात, आणि माणूस गेला की ‘पास्ड अवे’. आपणही ‘गेले’च म्हणतो की!

आपल्याकडे बघा. 1858 साली पुण्याहून दिक्सळपर्यंत रेल्वे सुरू झाली, दौंड त्याच वाटेवर. पुढच्याच वर्षी, 1859 ला, मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेव्हाच पास झाले. एकीकडे पॅसेंजर, दुसरीकडे मॅट्रिक पास. वर्षाच्या अंतरानं एकाच शब्दाची दोन रूपं!

आता ‘पासआउट’. ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं म्हणजे ‘पास आउट’. खडकवासल्याच्या एनडीएत आजही पासिंग आउट परेड होते. दौंडजवळ नानवीजला राज्य राखीव पोलीस दलाच्या प्रशिक्षण केंद्रात जवानांचं दीक्षांत संचलन होतं, तीही तीच परेड. छावणीतला हा शब्द आपण कॉलेजात आणला. म्हणजे मी बोललो ते निराधार नव्हतं. फक्त साहेबाच्या देशात त्याच शब्दांचा ‘शुद्ध हरपणे’ हा अर्थ जास्त चालतो.

म्हणून परदेशी माणसाशी बोलताना ‘ग्रॅज्युएट झालो’ म्हणा, गोंधळ होणार नाही. पण लाज वाटून घेऊ नका.

आणि गंमत ऐका. आपला ‘उत्तीर्ण’ शब्द संस्कृतातल्या ‘तॄ’ धातूवरून आलाय. तॄ म्हणजे तरून जाणं. उत्तीर्ण म्हणजे पैलतीर गाठलेला. म्हणजे भीमा ओलांडून केडगावला पोचणारा मी रोजच उत्तीर्ण होत होतो, आणि खिशातला पास तर होताच!

चला, भेटू पुढच्या भागात.